मधल्या केंद्रावरचा वायरलेस

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं गाव लातूरच्याही पलीकडं. ओळख ना पाळख, तरी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यानं मला वायरलेसवर बसवलं, याचं आजही अप्रूप वाटतं. हंगाम नीट पार पडला तर कायम आणि बायकोलाही इकडं आणता येणार; नाहीतर मीच परत.

माझं केंद्र कोडोलीच्या पुढं, चढावर. ऊसगाड्या सोडणारं गट ऑफिस डोंगराआड, त्याला कारखान्याचा आवाज थेट पोचायचा नाही. मी ऐकायचं, लिहायचं, पुढं सांगायचं. त्यात वेळ जायचा. आणि ज्याच्यापुढं सेट, त्याला सगळं ऐकू यायचं.

ऊसतोडीचे हुकूम शेती खात्यातले मोठे क्लार्क द्यायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आधी उद्धार, मग हुकूम. "ए लातूरवाल्या, जागा हाईस का गेलास? घे लिहून!"

एका दुपारी आवाज आला, "नमस्कार. कृपया लिहून घ्या. ओढ्याकडच्या सगळ्या गाड्या वरच्या शिवारात पाठवा."

आवाज अण्णांसारखाच खर्जातला. पण 'कृपया'? हुकूम खोटा असला आणि मी पुढं दिला, तर ओढ्याकडचा तोडलेला ऊस वाळणार. खरा असला आणि मी अडवला, तर माझी नोकरी जाणार.

भीत भीत विचारलं, "अण्णा, आज शिव्या न्हाईत व्हय?"

नुसती खरखर.

हुकूम पुढं न देता गट ऑफिसला सांगितलं, गाड्या हलवू नका, थांबा. तिकडचा ओरडला, "बैलं उनात उभी हाईत! कुणाची वाट बघायची, तुझ्या सासऱ्याची?"

कारखाना उत्तर देईना. पाऊण तास मी हाका मारत राहिलो. मग सेट कडाडला, "गाड्या कुठल्या गाढवानं थांबवल्या रं?"

"मीच, अण्णा." सगळं सांगितलं.

"मी जेवाय गेलतो की! मी कशाला सांगू?"

नंतर कळलं, वरच्या शिवारातल्या कुणीतरी दुसऱ्या गट ऑफिसातला रिकामा सेट गाठून अण्णांचा आवाज काढला होता. ऊस लवकर जावा म्हणून, दुसरं काय.

संध्याकाळी अण्णा मोटरसायकलवरनं केंद्रावर आले. "शिकलाईस किती?"

"सातवीत सोडली शाळा."

"बास की. अजून शिकला असतास तर कृपयाला भुलला असतास."

हंगाम संपायच्या आधीच कायमचा कागद हातात पडला. त्याच आठवड्यात बायकोला आणायला मी एसटीत बसलो.