परीक्षेचा पेशंट बुधा गावित

दिनांक १४ जून १९९४. बुधा देवजी गावित, तालुका पेठ, यांना परीक्षेसाठी रुग्ण म्हणून हजर राहिल्याबद्दल रुपये पंचेचाळीस फक्त रोख अदा केले. व्हाउचरवर सही आहे, अंगठा नाही. बुधा चौथीपर्यंत शिकलेला होता आणि शाईचा पॅड पुढे सरकवला की त्याला राग येत असे.

डॉक्टरकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला जिवंत रोगी लागतात, हे बी. कॉम. करून नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागाचा लिपिक म्हणून लागेपर्यंत मला ठाऊक नव्हते. रोगीही साधासुधा चालत नाही. तो फार आजारी नको, कारण दिवसभर दहा विद्यार्थ्यांनी ठोकून-टोचून तो टिकला पाहिजे. आणि बराही होणारा नको, कारण तो पुढच्या वर्षी लागतो. त्याची लक्षणे पुस्तकात लिहिल्यासारखी असावी लागतात. असा माणूस सापडला की विभाग त्याला जपतो. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी त्याच्या गावी पोस्टकार्ड टाकणे, एसटीचे भाडे आणि भत्ता देणे आणि केसेसची यादी टाइप करणे ही माझी कामे.

बुधाइतकी चोख केस विभागाला पुन्हा मिळाली नाही. १९९२ साली तो पिंपळगाव बसवंतला द्राक्षबागेत मांडव बांधायला गेला होता. शिडीवरून पडला आणि खाली तिरपा छाटलेला बांबू होता. टोक पाठीत उजव्या बाजूने शिरले आणि मज्जारज्जूचा बरोबर अर्धा भाग कापून थांबले. पूर्ण कापला असता तर बुधा अंथरुणाला खिळला असता आणि आमच्या उपयोगाचा राहिला नसता. बुधाचे म्हणणे होते की देवाला मोजमाप कळते.

विभागप्रमुख डॉ. गायधनी त्याला खाटेवर बसवून दरवर्षी तेच व्याख्यान देत. माझे टेबल वॉर्डाच्या कोपऱ्यात असल्याने ते माझेही पाठ झाले.

"मज्जारज्जू म्हणजे हायवे समजा," सर म्हणत. "ताकदीचा हुकूम मेंदूतून येतो, तो वरच बाजू बदलून घेतो आणि मग सरळ खाली उतरतो. पाय कुठल्या दिशेला वळलाय ही खबर ज्या बाजूची त्याच बाजूनं वर जाते. पण दुखणं आणि गरम-थंड यांना दम नाही. ती आत शिरली की लगेच रस्ता ओलांडतात आणि पलीकडच्या कडेनं वर जातात. आता उजवी बाजू कापली, तर काय होईल?"

उत्तर खाटेवर बसलेले असे. उजव्या पायात जोर नाही, आणि डोळे मिटले की तो पाय कुठे आहे हे बुधाला सांगता येत नसे. डाव्या पायात जोर भरपूर, पण त्यावर निखारा ठेवला तरी कळत नसे. डावीकडचा बधिरपणा बेंबीपाशी सुरू होई, आणि बेंबी म्हणजे छातीच्या भागातला दहावा खंड. म्हणजे कुठेही न कापता, एक टाचणी, एक कापसाचा बोळा आणि एक हातोडी घेऊन पाठीतली जागा बोट ठेवून दाखवता येते. मला या शास्त्राचे कौतुक वाटे. आमच्या वार्षिक ताळेबंदात फरक आला तर तो कुठल्या पानावर आहे हे शोधायला मला आठवडा लागे.

दोन-तीन परीक्षांतच बुधा हे सगळे शिकला. घाबरलेली पोरे थेट पायाच्या तळव्याला काडी लावत, तेव्हा तो हळूच सांगे, "आधी मला डोळे मिटाया सांगा, डाक्टर. उघडे ठिवून घेतलं तर सायब मार्क कापत्यात."

दुसऱ्याला म्हणे, "आता उजव्या तळव्यावर रेघ ओढा. अंगठा वर जाईल बघा. गेला का? लिव्हा."

विद्यार्थी त्याला मामा म्हणत. उत्तर सांगितल्याबद्दल दहा-वीस रुपये देऊ करत. बुधा ते निकाल लागल्यावरच घेई. नापास झालेल्याकडून त्याने कधी पैसा घेतला नाही, आणि नापास झालेला एखादाच असे, त्यामुळे हे तत्त्व त्याला महाग पडले नाही. गावी तो टोपल्या विणून विके. पाय अर्धा गेल्यावर दोन हात हीच त्याची मिळकत होती. पण पेठला तो टोपल्यावाला होता आणि नाशिकला आल्यावर डॉक्टरांना पास करणारा माणूस. वर्षातून दोनदा तो धुतलेला सदरा घालून यायचा आणि दारातूनच विचारायचा, "भाऊसाहेब, यंदा मी कितव्या नंबरावर?"

आता माझ्या चुकीकडे येतो. परीक्षेच्या सकाळी प्रत्येक केस एखाद्या डॉक्टरने नव्याने तपासून लक्षणे मला सांगायची आणि मी ती टाइप करायची, असा नियम होता. बुधाच्या बाबतीत तीच लक्षणे तीन वर्षे टाइप केल्यावर मी ती मागच्या यादीवरून उतरवू लागलो. मागील शिल्लक पुढे ओढणे हे आम्हा कॉमर्सवाल्यांच्या हातातच असते. ड्यूटीवरचे डॉक्टर खाली सही करत. "बुधाच ना?" एवढेच विचारत. कागद स्वच्छ दिसे. अशा रीतीने सहा वर्षे बुधाला विद्यार्थ्यांखेरीज कोणी तपासले नाही, आणि विद्यार्थ्यांना तर तो स्वतःच उत्तर सांगत होता.

२००३ च्या उन्हाळी परीक्षेत तो सात नंबरला होता. त्याच्याकडे संध्या शिरसाठ नावाची मुलगी आली. बारीक, चष्मेवाली, नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला असलेल्या माणसाची मुलगी. माझे टेबल तिथून पाच पावलांवर होते.

बुधाने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "उजवा पाय ताकद नाय. डावा गरम-थंड नाय. बेंबीपासनं खाली. घ्या लिहून, बाई."

"मामा, मला बघू तरी द्या," ती म्हणाली.

ती बघत राहिली. परीक्षेच्या रुग्णांना दहा वाजता चहा मिळतो, स्टीलच्या पेल्यात. इतर रुग्ण पेला टॉवेलने धरून फुंकत होते. बुधाने तो डाव्या मुठीत धरला होता, पाण्याचा गडू धरावा तसा.

"मामा, डावा हात दाखवा."

"हात परीक्षेत नाय."

"नसू दे. दाखवा."

"अहो बाई, धा वरसं झाली मला. हातात काय नाय. येळ जाईल तुमचा, नापास व्हाल."

"होईन. डोळे मिटा."

बुधाने स्वतःच शिकवलेली ती अट होती, त्यामुळे त्याला डोळे मिटावे लागले. तिने करंगळीला कापूस लावला. तो म्हणाला, लागला. टाचणी टोचली. तो म्हणाला, लागला. तिने पुन्हा टोचली आणि विचारले, "कापूस की टाचणी?" बुधाने करंगळी हलवून पाहिली. मग म्हणाला, "कापूस."

दुपारी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे ती उभी राहिली. माझी यादी त्यांच्या हातात होती.

"लेव्हल? जखम नेमकी कुठल्या उंचीवर?"

"सर, दोन आहेत. पायांचं कारण पाठीत आहे, उजवीकडे. पण डाव्या करंगळीला आणि हाताच्या त्या कडेला दुखणं कळत नाही, स्पर्श कळतो. अंगठ्याशेजारचा स्नायूही वाळलाय. हाताच्या नसा मानेच्या खालच्या भागातून निघतात. पाठीतल्या जखमेनं हात जाणार नाही. मला वाटतं, मज्जारज्जूच्या आत पोकळी होऊन वर चढतेय."

"पोकळी." परीक्षकांनी यादी पाहिली. "तुमच्या आधी किती बॅचेस या माणसावर पास झाल्या असतील?"

"माहीत नाही, सर."

"त्या सगळ्यांना बेंबी सापडली. तुम्हाला हात सापडला."

"सर, गरम पाण्याची नळी लावून एकदा बघाल का?"

"वेळ संपली."

त्यांनी माझ्या यादीवरचे उत्तर बरोबर मानून तिला अगदी कमी मार्क दिले. पाच वाजता गुणपत्रिका माझ्याकडे आल्या. मी त्या मोजल्या, पाकिटात घातल्या आणि पाच वाजून दहा मिनिटांनी लाखेचे सील केले. माझे सील कधी उशिरा झाले नाही.

त्यानंतर रुग्णांचे भत्ते. बुधाने डाव्या हाताने व्हाउचरांचा गठ्ठा दाबून धरला आणि उजव्याने सही केली. गठ्ठ्याची टाचणी मी उलटी लावली होती, टोक वर आले होते. सही करून त्याने हात उचलला तर गठ्ठाही हाताबरोबर उठला. टाचणी करंगळीखाली निम्मी शिरली होती आणि बुधा माझ्याकडे बघून विचारत होता, "डिसेंबरचं कार्ड कवा टाकाल?"

मी टाचणी काढली. रक्ताचा थेंब त्याच्या सहीवर पडला.

"केव्हापासून?" मी विचारले.

त्याने करंगळी सदऱ्याला पुसली. त्याची बायको चांगुणा पिशवी घेऊन दारात उभी होती. तिनेच सांगितले. "दोन वरसं झाली, भाऊसाहेब. चुलीवरचं पातेलं हातानं उतरवतो. टोपल्या विणतो तर कामट्यांवर रगत, ह्याला पत्ता नाय. मी म्हटलं डाक्टरला सांग. तर म्हणतो, डाक्टरांना मीच शिकवतो."

"तू गप ग," बुधा म्हणाला. मग मला म्हणाला, "भाऊसाहेब, केस बदलली तर यादीतनं नाव जातं. तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितले होते. लक्षणे पक्की लागतात, असे मी त्याला १९९६ साली समजावून दिले होते.

"हात गेला तर विणशील कशानं?"

"हात हाय ना. धरतो, सोडतो. नुसतं दुखत नाय. दुखत नाय ते बरंच की."

मी त्याला तिथेच बसवले आणि गायधनी सरांच्या खोलीत गेलो. यादी मी कशी टाइप करत आलो तेही सांगितले. सर चिडले नाहीत. ते स्वतः परीक्षानळीत गरम पाणी घेऊन आले, बुधाला डोळे मिटायला सांगितले आणि वीस मिनिटे त्याच्या हातावर, काखेत, छातीवर नळी फिरवत राहिले. मग खाटेच्या कडेवर बसले.

"बुधा, हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं नाय, सायब. तुम्ही दर खेपेला बेंबीच इचारता."

सर माझ्याकडे वळले. "पाकीट?"

"सील झालंय, सर."

संध्या शिरसाठ बाकीच्या केसेसवर काठावर पास झाली. तिचे त्या केसचे मार्क जसे होते तसेच राहिले. सील फोडायला जो अर्ज लागतो त्याला कारण लिहावे लागते, आणि आमच्या विभागाला सोयीचे पडेल असे कारण सापडले नाही.

गंगापूर रोडवरच्या एका केंद्रात बुधाचा एमआरआय झाला. फिल्मवर त्याच्या मज्जारज्जूच्या मध्यभागी पांढरी पट्टी दिसत होती, जुन्या जखमेपासून मानेच्या तळापर्यंत. पाणी साचलेली पोकळी. सरांनी समजावले की दुखणे आणि गरम-थंड नेणाऱ्या तारा रस्ता ओलांडतात त्या नेमक्या मधोमध, तिथेच ही पोकळी बसली आहे. स्पर्शाची तार मागच्या बाजूने जाते, ती वाचली. आणखी सहा महिने गेले असते तर दुसरा हातही गेला असता, आणि मग कदाचित श्वासाचे काम.

मुंबईला ऑपरेशन झाले, पाणी निघून जायला नळी टाकली. वाळलेला स्नायू भरला नाही आणि डाव्या करंगळीला ऊन-गार कळत नाही ते नाहीच. पण उजवा हात शाबूत राहिला आणि पोकळी तिथेच थांबली. बुधा आता डाव्या करंगळीला चामड्याची टोपी घालून आणि हाताकडे बघत विणतो. दिवसाला पूर्वी सहा टोपल्या व्हायच्या, आता चार होतात.

यादीतून त्याचे नाव मी कमी केले. पुढच्या वर्षी विभागाच्या लक्षात आले की नवी केस जुनीपेक्षा दुर्मीळ आणि शिकवायला जास्त चांगली आहे. मला त्याला कार्ड टाकायला सांगण्यात आले. बुधा आला, सदरा धुतलेलाच होता, पण खाटेवर बसायच्या आधी त्याने अट घातली.

"मी काय सांगणार नाय. मला माहीत नाय. ज्याचं त्यानं बघावं, डोक्यापासनं."

त्या परीक्षेत त्याच्यावर सहापैकी चार जण नापास झाले. एक जण बाहेर येऊन म्हणाला, "मामा, एवढं तरी सांगायचं होतं."

"मलाच चुकीचं माहीत होतं, डाक्टर," बुधा म्हणाला. "धा वरसं."

त्यानंतर विभागाने त्याला बोलावले नाही. निकालाची टक्केवारी घसरते. सकाळची तपासणी मात्र तेव्हापासून नव्याने होते आणि यादी मी कोऱ्या कागदावर टाइप करतो. पुढच्या मार्चअखेर मी निवृत्त होतोय. माझ्या जागी येणाऱ्याला मी हे दाखवून ठेवले आहे, तो मान हलवतो.

गेल्या फेब्रुवारीत बुधा तपासणीसाठी आला होता. कॅन्टीनमध्ये आम्ही दोघांनी चहा आणि एकेक वडा घेतला. बिल अकरा रुपये झाले. माझ्याकडे पाचशेची नोट होती आणि गल्ल्यावर सुटे नव्हते, म्हणून पैसे बुधाने दिले. ते अकरा रुपये त्याला द्यायचे राहिले आहेत.