गोधडीतलं मोहाचं झाड

कॉलेजसाठी मी चंद्रपूरच्या वसतिगृहात जाणार म्हणून आईने माझ्यासाठी गोधडी शिवायला घेतली. उन्हाळाभर लोकांच्या गोधड्या शिवून तिची बोटं आधीच सुजली होती. लोकांना ती सरळ टाके घालून द्यायची. माझ्या गोधडीवर मात्र तिला मधोमध मोहाचं झाड हवं होतं. धानाच्या रोवणीहून परतली की ती हिरव्या लुगड्याच्या तुकड्यांतून पानं कापायची आणि एखादं पान लावता लावताच पेंगायची.

"माय, सरळ टाके घाल अन् मोकळी हो. मले उद्या जायचं हाये."

"सरळ तं साऱ्या गावाले देते. तुलेही तेच देऊ?"

"मग अशीच दे."

"अर्धी गोधडी घराबाहेर जात नाई, बाई. तिच्यात झोप लागत नाई."

मी बाजारातली पातळ चादर घेऊन गेले. थंडी पडल्यावर रात्री आईचा रागच यायचा.

दिवाळीला घरी आले, तेव्हा झाड पुरं झालं होतं. धानकापणीहून आलेली आई भर दुपारी त्याच्यावरच झोपली होती. शेवटच्या टाक्याची सुई बोटांत तशीच होती. मी ती हळूच काढून घेतली आणि तिच्याऐवजी रांधायला चुलीकडे गेले.