टोरबोर्ग मावशीचं चालतं घर

लार्कवेलमध्ये अशी बोलवा आहे की टोरबोर्ग मावशीनं सरकारी साहेबाला घरात कोंडलं, घराला घोडे जुंपले आणि साहेबासकट घर पळवून नेलं. स्टेशनावर उतरलेल्या नव्या माणसाला हातातली पेटी खाली ठेवायच्या आत ही गोष्ट ऐकावी लागते. त्यातलं घर खरं, घोडे खरे, साहेबही खरा. कोंडलं तेवढं खोटं. त्या दाराला कडीच नाही, नुसता चामड्याचा पट्टा आहे. साहेब उठत नव्हता, कारण त्याच्या पुढ्यात वाटाण्याचं गरम सूप होतं.

टोरबोर्ग हाउगस्रुद नॉर्वेहून आलेली, विधवा, पदरात दोन पोरं. माळावरची जमीन सरकार फुकट देतं, पण अट अशी की तीन वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, माळ नांगरायचा, मग साहेब येऊन बघणार आणि जमीन नावावर होणार. पहिल्या वर्षी ती ढेकळांच्या झोपडीत राहिली. पावसात छत गळायचं आणि भिजवलेल्या कणकेत चिखल पडायचा. पुढं फळ्यांचं घर झालं, तशी एकटे शेतकरी जेवायला येऊ लागले. मग शेजारी दुकान आलं, लोहार आला, चर्च आलं. लार्कवेल म्हणजे काय, तर मावशीच्या चुलीभोवती जमलेली भुकेली माणसं.

आणि मग रेल्वे आली ती गावाला वळसा घालून, मावशीच्या जमिनीच्या दक्षिण हद्दीपलीकडून. हिवाळा पडताच सगळ्यांनी घरांखाली ओंडके सारले आणि बर्फावरून ती घसटत रुळांकडे नेली. आमच्या माळावर बिऱ्हाड कुणी हलवत नाही, सरळ घरच हलवतात. मावशी मात्र जागची हलली नाही. साहेब यायचा होता. त्याआधी घर हद्दीबाहेर गेलं असतं, तर तीन वर्षांची जमीन गेली असती.

मॅकाल्पिन दुकानदार ही गोष्ट जाणून होता. हा माणूस दर वाक्याआधी घसा खाकरतो, जणू टेबलाचा अडकलेला खण ओढतोय.

"अहं. मावशी, सगळे गेले. तुम्हीच मागं राहिलात."

"हो," मावशी म्हणाली. तिचा होकार श्वास आत ओढत येतो. परक्याला वाटतं, बाई दचकली.

"अहं. माझे घोडे घ्या. रुळांपलीकडं, दुकानाशेजारी जागा ठेवलीय तुमच्यासाठी. भाडंबिडं काही नको."

"एवढी माया कुठनं आली हो?"

"अहं. शेजारधर्म."

त्याचा भाचा जमीन कचेरीच्या गावात मुक्काम ठोकून बसला होता, मावशीची जमीन सुटली की पहिला अर्ज टाकायला. हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. तरी मावशी म्हणाली, "द्या घोडे. दिवस तुम्हीच ठरवा."

त्यानं नेमका साहेब यायचा दिवस ठरवला.

घर निघालं तेव्हा मावशी आतच होती. चूल पेटलेली, पातेलं तारेनं चुलीला बांधलेलं, पोरं पलंगावर. निम्मा माळ ओलांडला तोवर पेटिग्रू साहेबाची घसरगाडी आली. साहेब नाकात बोलतो, आणि एकेक शब्द सुटा करून.

"बाई, आपण, कुठे, राहता?"

"इथंच."

"हे घर तर, चाललंय."

"घर चाललंय. जमीन कुठं चाललीय? आत या, गारठा शिरतोय. पाय झटका आधी."

साहेबानं चालत्या घरात उडी मारली, पाय झटकले आणि टेबलाशी बसला. बाहेर मॅकाल्पिन घोड्यांबरोबर पळत होता.

मावशीच्या जमिनीच्या दक्षिण टोकाला लोखंडी खुंटा आहे, सरकारी मोजणीवाल्यांनी ठोकलेला. त्याआधी उतार लागतो. उतारावर घर घोड्यांमागं वेगानं घसरू लागलं. घोडे खुंट्यापलीकडं गेलेसुद्धा.

"अहं. साहेब, बघून घ्या हं, हद्द आली," मॅकाल्पिन ओरडला. हातातला चमचा तसाच धरून साहेब खिडकीशी आला.

मावशी दाराशी जाऊन उभी राहिली. आदल्या दिवशी तिनं चुलीची हिवाळाभरची राख पोत्यांनी आणून त्या उतारावर ओतली होती. वरून भुरभुर बर्फ पडलं आणि सगळं पांढरं झालं. राख ओंडक्यांना धरते, हे इथं घसरगाडी हाकणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण घराला धरेल का, ते कुणी पाहिलं नव्हतं.

ओंडके करकरले. घर मंदावलं, पण घोडे ओढतच होते. मावशी दारात ओणवी झाली आणि घोड्यांची साखळी उंबऱ्याखाली अडकवलेला खिळा तिनं उपसला. घोडे उधळले आणि लगामाला लोंबकळत मॅकाल्पिन रुळांपार गेला. घर जागच्या जागी थांबलं.

साहेब खाली उतरला, वाकून बघितलं. खुंटा उंबऱ्यापासून हाताच्या अंतरावर, बाहेरच्या अंगाला; घर हद्दीच्या आतच. दारातून समोर फलाट दिसत होता.

"म्हणजे आता, घर, थांबलं?"

"थांबलं. सूप वाढू अजून?"

दुसरा वाडगा संपवून साहेबानं जमिनीच्या कागदावर सही केली. मॅकाल्पिन धापा टाकत परत आला. "अहं. ही फसवणूक आहे."

"फसवणूक कसली हो. शेजारधर्म."

आता प्रत्येक गाडीतले उतारू आधी मावशीकडं जेवतात, मग मॅकाल्पिनच्या दुकानात जातात.

घर उताराच्या तोंडाशी आलं तेव्हा मी खिडकीला लागून चालत होते. मी म्हटलं, "मावशी, हे काही थांबत नाही आता." तिनं डोकं बाहेर काढलं. "लावतेस पैज? थांबलं तर बर्फ वितळेपर्यंत माझ्या कोंबड्यांचं खुराडं तू झाडायचं." तिनं उतारावर राख ओतलीय, हे मला काय माहीत? मी म्हटलं, लावते.

खुराड्यात किती घाण असते, ते झाडल्याशिवाय कळत नाही. आणि यंदा बर्फ वितळायचं नावच घेत नाहीये.