छपराचं गवत

मासवणच्या पाणथळ कुरणाचा गुरांनी तुडवून चिखल केला होता. गवत पुन्हा धरेपर्यंत गावाने तिथली चराई बंद केली. तरुण बोईसरच्या कारखान्यांत गेलेले, म्हणून राखण माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली. रोज मरगळल्यासारखा फिरायचा, जमिनीत टाच दाबायचा. रुतली की म्हणायचा, "अजून कच्ची हाय."

वैशाखात माझी गाय उपाशी होती. म्हटलं, "मेल्या, एक दिवस तिला कुरणात सोडू दे."

"नाय, म्हातारे." आणि त्याने आपल्याच छपराचं गवत ओढून तिच्यापुढे टाकलं.

पावसाळाभर त्याचं घर गळलं. दिवाळीला कुरणात कमरेएवढं गवत होतं. गावाने कापणी खुली केली, तेव्हा त्याच्या छपरासाठी मी एक भारा नेला.

काड्यांची बुडं तपासत तो म्हणाला, "विळ्यानं कापलंस ना? उपटलं नाय ना?"