काकूची सायकलची पँट

आमचे काका शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, काकूसुद्धा. त्यांनी उभी हयात कोट-पँटी शिवल्या आणि त्यातल्या निम्म्या उसवून पुन्हा शिवल्या. टाका केसभर वाकडा गेला की गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी सगळं उसवायचं. लोक याचं कौतुक करतात. मला विचाराल तर हा शुद्ध हटवादीपणा. माझा शाळेचा कोट थंडी संपण्याआधी तयार झालाय, असं एकदाही झालं नाही.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. त्यांनी दुकान बंद केलं, मशीन घरी आणून खिडकीशी ठेवलं आणि त्यावर चादर टाकली. दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसायचे. रविवारी घरच्या कपड्यांना इस्त्री करायची, एवढंच काम उरलं होतं.

त्याच सुमारास काकूची बस बंद झाली. काकू दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर बसते. पन्नाशी उलटलेली बाई, पण तिनं सरळ सायकल घेतली. पहिल्याच आठवड्यात स्कर्टचा घेर साखळीत गेला आणि ती गुडघा फोडून घरी आली. काका उठले आणि मशीनवरची चादर काढली.

पँट व्हायला महिना लागला. झाली मात्र बघत राहावी अशी! उत्तम कापड, सुरीसारखी घडी. चूक एकच झाली. काकांनी माप घेतलं ते नेहमीसारखं, ताठ उभं करून, हनुवटी वर करायला लावून. असं उभं राहून सायकल कोण चालवतं? काकू सीटवर बसली की पँट पुढून पोटात रुतायची, मागून खाली सरकायची आणि गुडघा अर्ध्यातच अडायचा.

"मग सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? महिनाभर रोज मशीनवर बसलेत. चार घास नीट जेवायला लागलेत. मी तोंड उघडलं की ती चादर परत पडेल बघ. आणि मग काही ती निघायची नाही."

मग मीच बाजारातून एक तयार पँट आणून दिली. मऊ, ताणली जाणारी, कमरेला इलास्टिक. अशा पँटला काका 'पोतं' म्हणतात. काकू घरातून मास्तरांची पँट घालून निघायची, खाली सायकली ठेवायच्या खोलीत ती खिळ्याला अडकवायची आणि पोतं चढवून निघायची. संध्याकाळी हाच खेळ उलटा.

"या वयात चोरून कपडे बदलतेय," ती म्हणायची, "आणि तेही नवऱ्यापासून!" हसायची, पण जीव टांगणीला लागलेला असायचा.

रविवारची इस्त्री कोण करतं, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलंच नाही.

एका रविवारी काकू बहिणीकडे गेली होती. मी काकांशी गप्पा मारत बसले होते. त्यांनी पँट उलटी केली आणि थांबले. कमरपट्टीला आतून खिळ्याच्या गंजाचा डाग होता. मग त्यांनी उजव्या पायाची कड पाहिली. साखळीच्या तेलाचा एक ठिपका नाही. बसायच्या जागी कापड कोरं करकरीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांनी इस्त्री पुरी केली. काहीतरी कारण काढून मी वरच्या मजल्यावर आमच्या घरी सटकले.

सोमवारी सकाळी काकूला जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. आम्ही खाली गेलो. पोतं जागेवरच होतं, पण त्याच्या उजव्या पायाला, घोट्याशी, एक पट्टी आणि बटण लावलेलं होतं. पाय आवळून साखळीपासून लांब राहावा म्हणून. टाके कुठल्या कुठे गेले होते, दोन तर पार कडेबाहेर. ज्यानं जन्मभर केसभर वाकडा टाका उसवला, त्या माणसानं हे सगळं तसंच ठेवलं होतं. काकू त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली आणि तिला रडू फुटलं. मलाही.

जिन्यावर पावलं वाजली. काका खाली आले, गळ्यात टेप.

"बस सायकलवर."

"मास्तर, अहो, मी सांगणारच होते तुम्हाला..."

"ते नंतर. आधी बस. माझं माप चुकलंय."

काकू भिंतीला हात टेकून सीटवर बसली आणि एक पाय पेडलवर ठेवला. काका खाली गुडघ्यावर बसले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावू लागले, पण हात थरथरत होता, टेप जागेवर राहीना. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. काकूनं वाकून टेपचं वरचं टोक धरलं.

"मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही वाचा."

दवाखान्याची खिडकी त्या दिवशी उशिरा उघडली.