नानांच्या हातचं बटन

जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात बॅटरी चार्जरची सर्किट कार्डं बनत. ती तपासायचं काम नानांचं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. धुळ्याहून डिप्लोमा करून मी तिथे नोकरीला लागले, त्याच सुमारास मालकांनी संगणकाला जोडता येणारा नवा पॉवर सप्लाय आणला. संगणकावरून हुकूम द्यायचा, तेवढे व्होल्ट तो पुरवणार. त्याची जाडजूड पुस्तिका वाचायला कोणी तयार होईना, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

त्या हुकमांचं मला वेडच लागलं. ‘व्होल्ट’ हा शब्द, एक मोकळी जागा, मग आकडा. दोन हुकमांच्या मध्ये अर्धविराम. शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की यंत्र उत्तर देई. मोकळी जागा विसरली तर ढिम्म हलत नसे. घरी माझा धाकटा भाऊ चार हाका मारूनही उठत नसे. इथे एका ओळीत काम. माझ्या डोक्यात हवा जायला तेवढं पुरे होतं.

नाना पहूरहून एसटीने येत आणि सगळं हाताने करत. कार्डाला वायरींचे चिमटे लावण्याआधी सप्लायचं बटन डावीकडे फिरवून शून्यावर आणायचं, हा त्यांचा नेम. आकड्यांकडे ते बघतही नसत. नजर कार्डावर आणि भरवसा हातावर. त्या हाताने कधी कार्ड जाळल्याचं कोणाला आठवत नव्हतं. नवं यंत्र बघून त्यांनी एवढंच विचारलं, “हे बटन तं माले राही ना?” मी म्हटलं, राहील की.

पण पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं: एकदा संगणकाचा हुकूम घेतला की यंत्र समोरचं बटन जुमानत नाही. बटन पुन्हा माणसाच्या ताब्यात द्यायला वेगळा हुकूम लागतो. तो मी प्रोग्रामच्या अगदी शेवटी लिहिला होता, आणि नानांना हे सांगायचं मला सुचलंच नाही.

एका दुपारी मालकांनी बोलावलं म्हणून प्रोग्राम मध्येच थांबवून मी केबिनमध्ये गेले. मोठ्या कार्डासाठी लावलेल्या साठ व्होल्टवर यंत्र तसंच राहिलं. नानांनी बारा व्होल्टचं कार्ड घेतलं, नेमाप्रमाणे त्या यंत्राचं बटन डावीकडे फिरवलं आणि चिमटे लावले. कपॅसिटर फुटला. मी धावत आले तेव्हा ते माठातलं पाणी बोटांवर ओतत होते. दोन बोटांची कातडी गेली होती, डोळा थोडक्यात वाचला.

चूक माझी आहे, हे मी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर सांगितलं. मालक म्हणाले, पुढे काळजी घे. झालं, एवढंच! चार शिव्या घातल्या असत्या तर मला अन्न तरी गोड लागलं असतं. नानांनी तर ऐकूनच घेतलं नाही. वय झालं, बटन पुरतं फिरलं नसेल, असंच ते येईल त्याला सांगत राहिले. पोरगी आपल्या चुकीवर पांघरूण घालते आहे, असा त्यांचा पक्का समज झाला.

मला ते सहन होईना. त्यांच्या हाताची पट्टी सुटल्यावर मी त्यांना यंत्रासमोर बसवलं. संगणकावरून हुकूम दिला आणि त्यांनाच बटन फिरवायला लावलं. ते फिरवत राहिले, आकडा जागचा हलला नाही. बघा, म्हटलं, तुमचा हात चुकला नव्हता.

नानांनी बटन आणखी एकदा डावीकडे फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “ताई, तू जे लिखस तेच ते करस. आते बी तूच लिखेल शे. तुनं मन साफ शे, पन मना हातच चुकना.”

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. माझ्याकडे होता तो एकमेव पुरावा, आणि तोही माझ्याच हुकमातला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मालकांकडून पॅकिंगचं काम मागून घेतलं. तिथलं बोलणं माझ्या टेबलापर्यंत ऐकू येई. खोक्याला सुतळी आवळून झाली की ते शेजारच्या बाईंपुढे खोकं सरकवत आणि हळूच विचारत, “गाठ बसनी का वो?”