आधी पिल्लू, मग आई

रोझवीता एकोणपन्नासाव्या वर्षी शिकारी झाली, तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात मी तिची भरपूर थट्टा केली. साठ मुलांचं जेवण आम्ही दोघी करतो, गेली अकरा वर्षं. कोंबडी साफ करायची वेळ आली की ती भांडं माझ्याकडे सरकवायची आणि स्वतः बटाटे सोलायला घ्यायची. अशा बाईच्या हातात बंदूक.

पण तिचे कास्पर मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले आणि त्यांची नजर अधू झाली. गावाच्या वरच्या अंगाच्या जंगलातल्या शिकारीचा हक्क चाळीस वर्षं त्यांच्याकडे होता. ऑस्ट्रियातल्या आमच्या श्टायरमार्कात दर वर्षी किती हरणं मारायची ते ठरवून दिलेलं असतं. तेवढी मारली नाहीत, तर ती कोवळ्या झाडांचे शेंडे खाऊन टाकतात आणि नवं जंगल वर येतच नाही. मामांना मूलबाळ नाही. ते रोझवीताला म्हणाले, "तू शिक. परक्या माणसाला हे जंगल द्यायचं माझ्या जिवावर येतं."

ती शिकली. अठरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून परीक्षा दिली आणि पहिल्या खेपेला पास झाली. बेकरीवाली ट्राउडी पाव बांधता बांधता म्हणाली, "आता पोरांना रोज हरणाचं कालवण का गं?"

"तुला बोलावीन सोलायला," रोझवीता म्हणाली.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ती पहाटे एकटीच मचाणावर गेली. नेहमी मामा सोबत असायचे, त्या दिवशी त्यांचा गुडघा धरला होता. उजाडल्यावर भोपळ्याच्या शेताच्या कडेला एक हरणी आली. एकटी. रोझवीताने दुर्बिणीतून पाहिलं. मागे काही नाही, पुढे काही नाही. अंगाने सडपातळ, म्हणजे अजून न व्यालेली असणार असं तिला वाटलं. तिने नेम धरला, श्वास सोडला आणि गोळी झाडली. हरणी दोन उड्या मारून गवतात पडली.

शिकवलं होतं तशी ती दहा मिनिटं जागची हलली नाही. मग खाली उतरून जवळ गेली. हरणीचे डोळे उघडे होते, त्यांत आभाळ दिसत होतं. तिने हरणीला कुशीवर वळवलं आणि तिच्या बोटांना दूध लागलं.

आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं, की या दिवसांत आधी पिल्लू मारायचं, मग आई. आई एकटी दिसली तर थांबायचं. तास लागो, दोन तास लागोत. पिल्लू झुडपात बसलेलं असू शकतं. रोझवीताने हेच परीक्षेत तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

तिने फोन केल्यावर मामा लंगडत वर आले. त्यांनी फर झाडाची एक डहाळी मोडली आणि हरणीच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास. मारलेल्या जनावराला तो दिल्याशिवाय इथे कुणी पुढचं काम करत नाही. मग टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले.

"ओरडा ना मला," रोझवीता म्हणाली.

"ओरडून काय होणार? किती वेळ थांबलीस?"

"पाचेक मिनिटं."

"हं."

त्यांनी कलेजी काढून घरी नेली, कांद्यावर परतली आणि दोन ताटल्यांत वाढली. तिने ताटली बाजूला सरकवली. मामा म्हणाले, "खा. टाकलंस तर तिचा जीव नुसताच घेतला असं होईल." तिने खाल्ली. हे सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, गाजरं किसताना. हात गरम पाण्याने चारदा धुतले तरी दुधाचा वास जात नाही म्हणाली. मी हुंगून पाहिले. साबणाचा वास होता. पण तसं मी बोलले नाही.

"मोठं असेल ना आता पिल्लू?" मी विचारलं. "पाच महिन्यांचं. गवत खातं. जगेल की."

"मीही मामांना तेच विचारलं. ते म्हणाले, बर्फ पडला की हरणं कळप करून राहतात. आई असली तर पोराला कळपात जागा. नसली तर बाकीच्या आया त्याला हाकलून देतात. मग ते एकटंच कुठेतरी कुडकुडत बसतं, फेब्रुवारीपर्यंत. तिथून पुढे बहुतेक नाहीच." तिने किसणी खाली ठेवली. "मला ते मारायला हवं. आणि मला आता आयुष्यात बंदूक उचलायची नाहीये."

"मामांना सांग."

"त्यांना दिसत असतं तर मी कशाला शिकले असते?"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. एकटी बसले तर मी पळून येईन."

बुधवारी पहाटे आम्ही दोघी मचाणावर जाऊन बसलो. थंडी अशी की नाकाचा शेंडा कळेना. पिल्लू आलं नाही. हेझलच्या झुडपांतून फक्त त्याचा आवाज आला, बारीक, शिट्टीसारखा. थांबून थांबून तीनदा. रोझवीताने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

गुरुवारीही तेच. आठ वाजता आम्ही तशाच शाळेत गेलो आणि शेवयांचं सूप केलं. तिने त्यात दोनदा मीठ घातलं. मुलांनी तोंडं वाकडी केली, मी पाणी घालून निभावून नेलं.

शुक्रवारी धुकं होतं. ते विरळ व्हायला लागलं तसं पिल्लू बाहेर आलं. चार पावलं चालायचं, थांबायचं, कान फिरवायचं. आई पडली होती तिथे आलं. तिथलं गवत अजून दबलेलं होतं. ते हुंगलं, मान वर करून हाक मारली आणि उत्तराची वाट बघत उभं राहिलं.

रोझवीताने बंदूक टेकवली. नळीचं टोक थरथरत होतं. तिने बंदूक खाली घेतली, डोळे मिटले. मी मनात देवाचं नाव घेतलं, त्या पिल्लासाठी की तिच्यासाठी ते मलाही ठाऊक नाही.

"आणखी थोडं थांबते," ती कुजबुजली. "हात असा असताना नको. त्याला दुखायला नको."

ती थांबली. पिल्लाने खाली मान घालून भोपळ्याचं एक पान तोडलं आणि चघळायला लागलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तिचा श्वास हळूहळू संथ झाला, तो मला ऐकू येत होता. मग तिने पुन्हा बंदूक उचलली. आता नळी हलत नव्हती.

पिल्लू उभ्या जागी खाली बसल्यासारखं पडलं. पान तोंडातच राहिलं.

या वेळी दहा मिनिटं तिला फार जड गेली. खाली उतरल्यावर ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून राहिली. सोमवारी ती रडली नव्हती. आता रडली, आवाज न करता, नाक बाहीला पुसत.

मामा खालच्या वाटेवर थांबले होते. गोळीचा आवाज ऐकून काठी टेकत वर आले, पाठीवर जनावर न्यायची मोठी पिशवी. त्यांनी वाकून पिल्लू अगदी डोळ्यांजवळून बघितलं, कारण लांबून त्यांना दिसत नाही.

"त्याला कळलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "नीट केलंस."

"आईच्या वेळी नीट केलं नाही."

"नाही केलंस." मामा तिच्या शेजारी खाली बसले, गुडघा चोळत. "माझ्याकडूनही झालंय. एकदाच. मी मात्र पिल्लाला शोधायला गेलो नाही. लाज वाटत होती, कुणाला सांगितलंही नाही. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मलाच सापडलं, पाणवठ्यापाशी."

इतक्या वर्षांत हे रोझवीताने कधी ऐकलं नव्हतं.

"पुढच्या सोमवारी येशील का?" त्यांनी विचारलं. "नाही म्हणालीस तरी चालेल. दुसरं कुणी बघू."

ती म्हणाली, "येईन. पण अजून एक वर्ष तुम्ही शेजारी बसायचं. दिसलं नाही तरी बसायचं. मी घाई केली तर हात धरायचा."

"धरीन," मामा म्हणाले आणि पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढे धरलं.

तिने नको म्हणून मान हलवली. पिल्लाला दोन्ही हातांवर उचललं, त्याचं डोकं खाली लोंबू नये म्हणून कोपरात घेतलं आणि उतरायला लागली. कोटाला रक्त लागत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. वाट अरुंद आहे तिथे दोन्ही बाजूंनी फांद्या आडव्या येतात. मामा पुढे होऊन एकेक फांदी चाचपून बाजूला धरत होते आणि ती गेली की सोडत होते.